क्षय नाही, मग काय?

७ डिसेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांची मोहीम सुरू केली. प्रारंभी ३४७ जिल्ह्यांपुरती असलेली ही मोहीम पुढे देशभर नेण्यात आली. हातात उचलून नेता येतील अशी क्ष-किरण यंत्रे गावोगाव गेली. रुग्ण आपण होऊन दवाखान्यात येईल याची वाट न पाहता, ज्यांना क्षय जडण्याचा संभव अधिक अशा माणसांनाच आरोग्य कर्मचाऱ्यांनी शोधून काढले. त्यांत वृद्ध होते, विडी-सिगारेट ओढणारे होते, मधुमेही होते, अंगाने खंगलेले होते आणि पूर्वी क्षय होऊन बरे झालेलेही होते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा ज्या देशात आहे, त्या देशाने एवढा खटाटोप करणे हे कर्तव्यच होते. किती लोक तपासले आणि किती रुग्ण सापडले, या आकड्यांची चर्चाही झाली. परंतु ज्याला तपासले, ज्याला क्षय नाही असे ठरले आणि जो तसाच खोकत घरी गेला, त्याचे पुढे काय झाले याची चर्चा कोणीच केली नाही.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. कारण ज्या माणसांना या मोहिमेने वेचून बाहेर काढले, त्याच माणसांत फुप्फुसांचे इतर जुनाट विकारही सर्वाधिक असतात. सरकारने एका रोगासाठी जाळे टाकले, त्यात दुसऱ्या रोगाचे रुग्णही आले आणि ते पुन्हा सोडून देण्यात आले, असेच या घटनेचे वर्णन करावे लागेल.

१९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयनिवारण कार्यक्रमाने सामान्य नागरिकाला छातीच्या रोगाची एक खूण पक्की शिकविली. पूर्वी तीन आठवडे आणि नंतर दोन आठवडे टिकलेला खोकला म्हणजे थुंकी तपासून घेण्याचे कारण, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. आरोग्यशिक्षणाचे हे मोठेच यश होय. मात्र या यशाची एक बाजू अशी की खोकल्याला विचारण्याचा प्रश्न एकच उरला आहे. क्षय आहे की नाही, एवढेच विचारले जाते. उत्तर नकारार्थी आले की डॉक्टर, रुग्ण आणि नातेवाईक तिघेही सुटकेचा श्वास सोडतात. क्षयाच्या नावाला आजही जो कलंक चिकटलेला आहे तो पाहता या सुटकेचे नवल वाटू नये. मग खोकल्याच्या औषधाची बाटली दिली जाते. चार महिन्यांनी तोच माणूस तीच तक्रार घेऊन परत येतो, आणि पुन्हा थुंकीच तपासली जाते.

फुप्फुसांचा रोग गाजावाजा न करता येतो, आणि त्याला शरीररचनेचे कारण आहे. श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत शेवटी दोन मिलिमीटरांहूनही बारीक नळ्या होतात आणि त्यांची संख्या अफाट असते. त्यांपैकी पुष्कळशा बुजल्या तरी एकूण हवेच्या वाटेला फारसा अडथळा जाणवत नाही. १९६८ साली हॉग, मॅकलेम आणि थर्लबेक यांनी मृतांच्या फुप्फुसांत हवेचा विरोध मोजून हे दाखवून दिले, आणि त्यानंतर या भागाला फुप्फुसातील 'मूक प्रदेश' असे नावच पडले. रोग या मूक प्रदेशात वर्षानुवर्षे राहतो. क्ष-किरणाच्या चित्रात तो या अवस्थेत बहुधा दिसत नाही. चित्र स्वच्छ असते आणि रुग्णाला तसे सांगितलेही जाते.

म्हणून ज्यांना पूर्वखुणा म्हणायचे त्या चित्रात शोधण्यापेक्षा माणसाच्या वागण्यात शोधाव्या लागतात. धाप लागू लागली की माणूस प्रथम डॉक्टरकडे जात नाही. तो चालणे कमी करतो. जिना टाळतो. बाजारातून येताना पिशवी मुलाकडे देतो. देवळाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबतो, आणि थांबण्याला काहीतरी निमित्त शोधतो. दोन वर्षांनी विचारले तर 'मला दम लागत नाही' असे तो प्रामाणिकपणे सांगतो, कारण दम लागेल असे काही करणेच त्याने सोडून दिलेले असते. चार्ल्स फ्लेचर या ब्रिटिश वैद्यकाने हे चांगले ओळखले होते. (१९४१ साली ऑक्सफर्डमध्ये रुग्णाला पेनिसिलिनचे इंजेक्शन देणारा तरुण डॉक्टर तो हाच.) वेल्समधील कोळसा-खाणकामगारांच्या छातीचा अभ्यास करताना त्याने धाप मोजण्याची जी पद्धत बसविली तिच्यात यंत्र नव्हते, साधे प्रश्न होते. सपाट रस्त्यावर घाईने चालताना किंवा लहानसा चढ चढताना दम लागतो काय? सपाटीवर बरोबरीच्या वयाच्या माणसांच्या मागे पडावे लागते काय? शंभर यार्डांवर थांबावे लागते काय? यांतला दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यात माणसाची तुलना त्याच्या सोबत्यांशी होते. स्वतःच्या सवयीला फसणारा माणूस सोबत्यांच्या चालीला फसत नाही.

याच फ्लेचरने रिचर्ड पीटो यांच्यासह १९७७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही या शास्त्राचा पाया मानला जातो. पश्चिम लंडनमधील ७९२ कामकरी पुरुषांचा श्वास त्यांनी आठ वर्षे पुनःपुन्हा मोजला होता. धूम्रपानाने ज्यांची फुप्फुसे झिजतात त्यांची झीज वर्षांमागून वर्षे चालूच राहते. धूम्रपान सोडले तर गेलेले परत मिळत नाही, पण झिजेचा वेग निरोगी माणसाच्या पातळीवर येतो, असे त्यांना आढळले. पूर्वसूचना ओळखण्याचे महत्त्व येथे आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी कारण दूर झाले तर माणूस सत्तरीतही स्वतःच्या पायांनी हिंडतो. साठाव्या वर्षी दूर झाले तर उरलेले आयुष्य खाटेवर किंवा प्राणवायूच्या नळकांड्याशेजारी जाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या चित्रात एक भर घातली. या विकाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांची फुप्फुसे तरुणपणीच पुरेशी वाढलेली नसतात, असे त्यात दिसून आले. ज्या देशात कमी वजनाची बाळे जन्मतात आणि लहान मुले वारंवार न्यूमोनियाने आजारी पडतात, त्या देशाने या निष्कर्षाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे.

इतर खुणा थोडक्यात सांगता येतील. रोज सकाळी बेडका पडणे आणि असे वर्षातून तीन महिने, सलग दोन वर्षे होणे, ही जुनाट श्वासनलिकादाहाची व्याख्याच आहे. प्रत्येक हिवाळ्यात सर्दी 'छातीत उतरणे' आणि दर खेपेस बरे व्हायला अधिक दिवस लागणे, रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येणे, कोरडा खोकला आणि त्याबरोबर बोटांची टोके फुगून नखे चोचीसारखी वाकणे या गोष्टी वेगवेगळ्या रोगांकडे बोट दाखवितात. जुन्या खोकल्याची जात एकाएकी बदलली, आवाज बसला आणि तो तीन आठवड्यांत उघडला नाही, थुंकीतून रक्त पडले किंवा वजन घटू लागले तर कर्करोगाचा विचार करून एक दिवसही दवडू नये. मुंबईतील कबुतरखान्यांवरून २०२५ साली जो गदारोळ झाला, त्यात श्रद्धेची बाजू आणि स्वच्छतेची बाजू दोन्ही हिरिरीने मांडल्या गेल्या. पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीने काही जणांच्या फुप्फुसांना कायमची सूज येते आणि तिची पहिली खूण एक साधा कोरडा खोकला असते, हे मात्र त्या कोलाहलात फार थोड्यांच्या कानी गेले.

आपल्याकडे या खुणा दुर्लक्षित राहण्याचे आणखी एक कारण आहे. फुप्फुसाचा जुनाट रोग म्हणजे विडी-सिगारेट ओढणाऱ्याने स्वतःवर ओढवून घेतलेली आपत्ती, ही समजूत डॉक्टरांतही खोलवर रुजलेली आहे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतून ती आली. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात या समजुतीला धक्का दिला. जगात धूम्रपान करणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड, शेण आणि पालापाचोळा यांच्या धुराला तोंड देणारे सुमारे तीनशे कोटी, हा हिशेब त्यांनी पुढे ठेवला. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातील बाई आयुष्यात कधी विडीला शिवत नाही. पण पावसाळ्यातील ओल्या सरपणाच्या धुरात ती वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून बसते. पन्नाशीत तिला धाप लागू लागली की घरचे म्हणतात वय झाले. डॉक्टर विचारतो विडी ओढता का, आणि नाही म्हटले की तोही वयावर येतो. पूर्वी जी चूल ती फुंकणीने एका दमात पेटवीत असे, तिला आता तीनदा थांबावे लागते, ही गोष्ट तिला कोणी विचारीत नाही. विचारली तर ती चटकन सांगेल.

दीर्घकाळ श्वासमार्ग अडविणारा जो विकार डॉक्टर 'सीओपीडी' या नावाने ओळखतात, त्याचे भारतातील रुग्ण १९९० साली सुमारे २.८ कोटी होते, ते २०१६ साली सुमारे ५.५ कोटी झाले, असा अंदाज 'लॅन्सेट'च्याच एका पाहणीत देण्यात आला आहे. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा अठरा टक्के, परंतु श्वसनाच्या जुनाट रोगांमुळे जगाच्या पदरी येणाऱ्या एकूण भारात तो बत्तीस टक्के होता. २०१६ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून दहा कोटींहून अधिक घरांत गॅसची शेगडी पोचली, हे मोठे काम झाले. परंतु गॅसची टाकी संपली की पुन्हा चूल पेटते, हे खेड्यात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. शिवाय धूर आज थांबला तरी तीस वर्षांत झालेली झीज भरून येत नाही.

कामाच्या जागी जडणाऱ्या रोगांची कथा तर याहून खेदजनक आहे. तेथे पूर्वसूचना कामगाराने स्वतः दिलेली असते. कापूस पिंजण्याच्या आणि कार्डिंगच्या खात्यात काम करणाऱ्यांना साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते; दुसऱ्या दिवशी बरे वाटते. लँकेशायरच्या गिरण्यांत शिलिंग यांनी १९५० च्या दशकात या तक्रारीच्या आधारेच रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. फक्त पहिल्या दिवशी त्रास होतो तोवर खाते बदलून माणूस वाचविता येतो, आणि आठवडाभर त्रास होऊ लागला की वेळ थोडा उरतो, हे त्यातून स्पष्ट झाले. मुंबईच्या गिरणगावात कामाला येणाऱ्या पिढ्यांनी ही धूळ खाल्ली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि खात्यात काम केलेला माणूस सातारा-रत्नागिरीच्या आपल्या गावी परतला. तेथील दवाखान्यात त्याच्या छातीचा आणि कापसाचा संबंध लावणार कोण?

दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसमध्ये चूक उलट दिशेने होते. येथे क्ष-किरणाचे चित्र स्वच्छ नसते. फुप्फुसाच्या वरच्या भागात बारीक गाठी दिसतात आणि त्यांना पाहताच क्षयाचे औषध चालू केले जाते. सहा महिने गोळ्या खाऊनही उतार पडत नाही, म्हणून आणखी गोळ्या दिल्या जातात. मध्य प्रदेशातील अलीराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतून गुजरातेत गोध्रा परिसरातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेलेल्या आदिवासी मजुरांचे असेच झाले. त्यांपैकी २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या मे महिन्यात गुजरात सरकारला दिला. तोवर मजूर मरून वर्षे लोटली होती. सिलिकाच्या धुळीने क्षय जडण्याचा संभवही वाढतो, त्यामुळे दोन्ही रोग एकाच छातीत असू शकतात. डॉक्टरची अडचण खरी आहे. परंतु 'काम काय करता आणि पूर्वी काय करीत होता' हा एक प्रश्न विचारल्याने ती अडचण निम्मी होते, आणि तोच प्रश्न केसपेपरवर क्वचित आढळतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची दर वर्षी मोफत वैद्यकीय तपासणी करण्याचे वचन आहे. वचन चांगले आहे. पण या तपासणीत श्वास मोजला जाईल की वजन, रक्तदाब आणि मालकाची सही यांवर ती उरकली जाईल, यावर तिचे मोल अवलंबून राहील. शिवाय सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनाच ही संहिता लागू होते, आणि सर्वांत जास्त धूळ गिळणारा मजूर बहुधा चार-सहा माणसांच्या खडीयंत्रावर असतो.

श्वास मोजण्याचे साधन नवे किंवा दुर्मीळ आहे असेही नाही. लंडनच्या जॉन हचिन्सनने आपले श्वासमापक यंत्र आणि दोन हजारांहून अधिक माणसांची मोजमापे १८४६ साली जगापुढे ठेवली. रक्तदाब मोजण्याचा हाताला गुंडाळायचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोच्चीने आणला तो १८९६ साली, म्हणजे पन्नास वर्षांनंतर. मागाहून आलेला पट्टा आज गावच्या उपकेंद्रात आणि औषधाच्या दुकानातही सापडतो. आधी आलेले यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज मिळत नाही. श्वासमापनाला रुग्णाचे सहकार्य लागते, फुंकर नीट मारावी लागते, शिकविणारा माणूस लागतो, हे खरे. पण दीडशेहून अधिक वर्षांच्या दिरंगाईचे हे पुरेसे स्पष्टीकरण होऊ शकत नाही.

सरकारी कागदावर या रोगाला जागा नाही असे मात्र म्हणता येणार नाही. आशा सेविका तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाचा जो 'सीबॅक' फॉर्म भरते, त्यात धाप लागते का, खोकला किती दिवसांचा, हे विचारलेले आहे. स्वयंपाकाला सरपण, गोवऱ्या, कोळसा की गॅस, आणि कामाच्या जागी धूर वा धूळ आहे का, असे प्रश्नही आहेत. हा फॉर्म ज्याने तयार केला त्याला विषय उत्तम समजलेला होता. पुढे तपासणीच्या टेबलावर मात्र उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग या पाच गोष्टींवरच भर राहतो. २०२३ साली असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दमा आणि सीओपीडी यांचा समावेश झाला. परंतु धुराविषयीच्या उत्तराला जोडून करावयाची चाचणी आरोग्य मंदिराच्या दारात अद्याप रूढ झालेली नाही. उत्तर लिहून घेतले जाते आणि ते कागदावर राहते.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो. ज्यांना काहीच त्रास नाही अशा सर्वांचा श्वास सरसकट मोजण्यात लाभ नाही, असे अमेरिकेतील प्रतिबंधक उपायांविषयीच्या तज्ज्ञमंडळाने २०१६ आणि २०२२ अशा दोन्ही वेळी सांगितले आहे. ते मान्य केले पाहिजे. दीडशे कोटींच्या देशाला प्रत्येकाकडून फुंकर मारून घेणे परवडणारही नाही. येथे प्रश्न आहे तो आधीच खोकत वा धापत असलेल्यांचा. कॅनडातील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. तेथे दूरध्वनीवरून हजारो लोकांना लक्षणे विचारली गेली, लक्षणे असलेल्यांचा श्वास मोजला गेला, आणि ज्यांचा रोग तोवर कोणाच्या लक्षातच आला नव्हता अशांना उपचार देण्यात आले. छातीच्या तज्ज्ञाने उपचार केलेल्या गटाला श्वसनाच्या दुखण्यासाठी वैद्यकीय मदत घ्यावी लागण्याचे प्रमाण नेहमीचे उपचार मिळालेल्या गटाच्या निम्म्याच्या आसपास आले. आपल्याकडे तर दूरध्वनीचीही गरज नाही. लक्षणे असलेला माणूस थुंकीची डबी हातात घेऊन स्वतःच रांगेत उभा आहे.

या माणसाला 'क्षय नाही' असे सांगतानाच एक फुंकर मारायला लावावी. पूर्ण श्वासमापक नसेल तर १९५९ साली मार्टिन राइट याने आणलेल्या आणि आता साध्या प्लास्टिकच्या नळीच्या रूपात मिळणाऱ्या पीक फ्लो मीटरवर प्राथमिक चाळणी होऊ शकते. ज्यांची फुंकर कमी भरेल त्यांनाच तालुक्याला पाठवावे. क्षयाचे उपचार पूर्ण केलेल्याचीही अशीच मोजणी व्हावी. जंतू गेले तरी व्रण राहतात, आणि या व्रणांमुळे पुढे धाप लागणाऱ्या माणसाला क्षय उलटला असे समजून पुन्हा तेच उपचार देण्याचे प्रकार घडतात.

अडचण पुढे येते ती औषधाची. या रोगांचे मुख्य औषध श्वासावाटे घ्यावयाचे असते आणि 'पंप एकदा लागला की सुटत नाही' ही भीती आपल्या समाजात पक्की बसलेली आहे. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून पंप कपाटात दडविणारी घरे शहरातही आहेत. पंपाचे औषध गोळीच्या मानाने फार थोड्या मात्रेत थेट फुप्फुसात जाते, हे समजावून सांगायला डॉक्टरला पाच मिनिटे लागतात आणि सरकारी बाह्यरुग्ण विभागात ती पाच मिनिटे नसतात. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत सालब्युटामॉल, ब्युडेसोनाइड, टायोट्रोपियम ही श्वासावाटे घेण्याची औषधे आहेत. ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात बाराही महिने राहतील अशी तजवीज आधी झाली पाहिजे. ती न करता नुसत्या नळ्या वाटल्या, तर ज्या बाईच्या कागदावर प्रथमच रोगाचे खरे नाव लिहिले गेले ती दुसऱ्या महिन्यात रिकाम्या हाताने परतेल आणि बाजारातल्या दुकानातून पुन्हा खोकल्याची बाटलीच घेऊन जाईल.